माणसाची गोळी, मुक्याचा जीव

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवी वर्षाच्या या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मय, नाट्यसंगीत, मराठ्यांचा इतिहास अशा भारदस्त विषयांवर अधिकारी वक्त्यांनी आपले विचार मांडले. त्यांच्या पंक्तीत बसून मी कुत्र्याच्या दुखण्याविषयी बोलणार, हे कार्यक्रमपत्रिकेत वाचून काही सभासदांना हसू आले असेल. त्यात त्यांचा दोष नाही. परंतु हा विषय मी बुद्ध्याच निवडला आहे. आपल्या सभासदांपैकी कितीतरी घरांत कुत्रा आहे. बदल्यांच्या निमित्ताने आपण आपल्या गावापासून शेकडो मैल दूर आलो; मुले शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी त्याहूनही दूर गेली. अशा घरात संध्याकाळी दार उघडताच धावत सामोरा येणारा तो एकच जीव असतो. परप्रांतात आपण दिवसभर दुसऱ्या भाषेत बोलतो, पण त्याच्याशी मात्र मराठीत बोलतो, आणि त्याला ते कळते.

मी पशुवैद्य नव्हे, हे आरंभीच सांगतो. मी जे सांगणार आहे ते पशुवैद्यकात सर्वमान्य झालेले आहे; ते आपल्या घरगुती व्यवहाराच्या भाषेत आपणांपुढे ठेवावे, एवढाच माझा प्रयत्न आहे. प्रश्न साधा आहे. आपल्या घरातील कुत्र्याला वेदना होत असताना आपण स्वतः घेतो ती वेदनाशामक गोळी त्याला द्यावी काय? याचे उत्तर एका शब्दात 'नाही' असे आहे. परंतु केवळ 'नाही' म्हटल्याने कोणाचा हात थांबत नाही. म्हणून त्यामागील कारण समजून घेतले पाहिजे.

प्रसंग कसा उद्भवतो तो पाहा. इथली पौष-माघातील थंडी आपल्या परिचयाची आहे. या दिवसांत दहाबारा वर्षांचा कुत्रा सकाळी उठताना अडखळतो, मागचा पाय उचलून धरतो, जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी थबकतो. त्याच वेळी आपलेही गुडघे धरलेले असतात. आपण औषधांच्या डब्यातून गोळी काढून घेतो, आणि तोच हात सहज त्याच्याकडे वळतो. मनात हिशेब होतो तो असा: मी साठ किलोचा, मला एक गोळी, हा पंधरा किलोचा, याला पाव. किंवा असा: नातवाला देतो तेवढी याला दिली की झाले. हे दोन्ही हिशेब दयेपोटी केलेले असतात आणि दोन्ही चुकीचे असतात. कारण कुत्रा हा आकाराने लहान असलेला माणूस नव्हे. नातू वजनाने लहान असला तरी त्याचे यकृत माणसाचे असते. कुत्र्याचे यकृत कुत्र्याचेच असते.

माझ्या माहितीतील एका निवृत्त गृहस्थांच्या घरची हकीकत सांगतो. त्यांच्या घरी आठ किलो वजनाचा, पांढऱ्या केसांचा पॉमेरेनियन होता. पाय दुखू लागला म्हणून त्यांनी त्याला इब्युप्रोफेनची ४०० मिलिग्रॅमची गोळी अर्धी सकाळी, अर्धी रात्री अशी दिली. पहिल्या दिवशी कुत्रा चक्क दुडक्या चालीने अंगणात फिरला. घरात आनंद झाला. गोळी लागू पडली म्हणून ती चालू ठेवली. तिसऱ्या दिवशी त्याने अन्न सोडले. चौथ्या दिवशी डांबरासारखी काळी शी झाली. काळी शी म्हणजे पोटात रक्त पाझरले असल्याची खूण, हे तिथे कोणाला ठाऊक नव्हते. पाचव्या दिवशी तो पाणीही पोटात ठेवीना. पशुवैद्यांकडे नेईपर्यंत जठरात व्रण झाले होते आणि मूत्रपिंडे काम करीनाशी झाली होती. दोन दिवस सलाईन दिले; उपयोग झाला नाही. घरातील मंडळींनी त्याच्यावर कमी प्रेम केले, असे कोण म्हणेल? आणि या हकीकतीतील सर्वांत घातक दिवस कोणता, तर तो पहिला, ज्या दिवशी गोळी गुणकारी ठरली असे सर्वांना वाटले. वेदना थांबली म्हणजे औषध निर्धोक आहे, हा समज इथे जीवघेणा ठरला.

असे का होते? ॲस्पिरिन हे औषध १८९९ पासून बाजारात आहे. इब्युप्रोफेन ब्रिटनमध्ये १९६९ साली विक्रीला आले. पण ही औषधे वेदना नेमकी कशी शमवतात याचा उलगडा १९७१ साली जॉन व्हेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने केला, आणि त्यासाठी १९८२ सालच्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. आपल्या शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. दुखापतीच्या जागी सूज आणि ठणका यांची वर्दी तीच देतात. या गोळ्या त्या द्रव्यांची निर्मिती रोखतात, म्हणून ठणका कमी होतो. परंतु हीच द्रव्ये जठराच्या आतील नाजूक अस्तराचे आम्लापासून रक्षण करतात, आणि शरीरातले पाणी कमी झाले असता मूत्रपिंडांचा रक्तपुरवठाही राखतात. निरोप्या आणि पहारेकरी ही दोन्ही कामे एकाच नोकराकडे असावीत, तसा हा प्रकार आहे. निरोप नको म्हणून त्याला कामावरून काढले की पहाराही उठतो. माणसालाही हा धोका आहेच. म्हणून तर डॉक्टर आपल्याला या गोळ्या उपाशीपोटी घेऊ नका म्हणून बजावतात. कुत्र्याच्या बाबतीत हा धोका कितीतरी कमी मात्रेला सुरू होतो.

आता वजनाचा हिशेबच करून पाहू. साठ किलोचा माणूस इब्युप्रोफेनच्या ४०० मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या दिवसात घेतो, म्हणजे दर किलोस २० मिलिग्रॅम. कुत्र्यांना दर किलोस केवळ ८ मिलिग्रॅम रोज, असे महिनाभर दिले असता त्यांच्या जठरात व्रण झालेले आढळले आहेत. म्हणजे माणसाच्या प्रमाणाच्या निम्म्याहूनही कमी. त्या पॉमेरेनियनच्या पोटात दर किलोस ५० मिलिग्रॅम रोज जात होते. 'अर्धीच तर दिली' या शब्दांत ही संख्या लपून राहिली होती.

दुसरा भाग औषध शरीरातून बाहेर पडण्याचा. नेप्रॉक्सेन नावाची गोळी सांधेदुखीसाठी पुष्कळजण घेतात. माणसाच्या रक्तातील निम्मे नेप्रॉक्सेन उतरण्यास सुमारे १२ ते १७ तास लागतात; कुत्र्याच्या बाबतीत हाच काळ सुमारे ७४ तास, म्हणजे तीन दिवसांच्या आसपास आहे. आपण सकाळ-संध्याकाळ गोळी देऊ लागलो तर पहिली गोळी अंगात असतानाच दुसरी, तिसरी, चौथी तिच्यावर चढत जाते. मांजरांच्या घरांनी हेही ऐकून ठेवावे की ॲस्पिरिन मांजराच्या शरीरात असेच दीर्घकाळ रेंगाळते.

पॅरासिटामॉलला तर आपण घरातलेच माणूस समजतो. ताप आला, अंग दुखले, की तेच. इथे आणखी एक फसगत होते. कुत्र्याच्या शरीराचे स्वाभाविक उष्णतामानच १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट इतके असते. आपल्या हाताला तो नेहमीच थोडा गरम लागतो. मग 'अंग तापले आहे' म्हणून निरोगी कुत्र्याच्या घशात गोळी उतरवली जाते. हे औषध मुख्यतः यकृतावर आघात करते. कुत्र्यांत दर किलोस १०० मिलिग्रॅमच्या पुढे यकृताची हानी होण्याची भीती मानली जाते. बाजारात मिळणारी ६५० मिलिग्रॅमची एक गोळी पाच किलोच्या कुत्र्याला दिली तर ती दर किलोस १३० मिलिग्रॅम होते. एकच गोळी, आणि सीमा ओलांडली गेली. मात्रा याहून वाढली की रक्तातील लाल द्रव्यच असे बदलते की त्याला प्राणवायू वाहून नेता येत नाही. हिरड्या तपकिरी वा निळसर दिसू लागतात, चेहरा आणि पंजे सुजतात, धाप लागते, लघवी काळपट होते. मांजराला तर हे औषध कोणत्याही प्रमाणात देऊ नये. ज्या मार्गाने माणसाचे यकृत पॅरासिटामॉलचा निचरा करते, तो मार्ग मांजराच्या यकृतात जवळजवळ नाहीच. पुरती एक गोळीही न लागता मांजर दगावू शकते.

इथे कोणी विचारील की पशुवैद्य स्वतः कुत्र्याला पॅरासिटामॉल देतात, त्याचे काय? प्रश्न रास्त आहे. काही प्रसंगी ते देतात. तोलून, मापून, यकृत ठीक आहे ना हे पाहून, आणि दर किलोस १० ते १५ मिलिग्रॅमच्या आसपास देतात. मेलॉक्सिकॅम हे तर माणसांतही चालते आणि कुत्र्यांतही. पण नाव एक म्हणून माप एक नव्हे. पाच किलोच्या कुत्र्याला मेलॉक्सिकॅम साधारणतः पहिल्या दिवशी १ मिलिग्रॅम आणि पुढे रोज अर्धा मिलिग्रॅम देतात. माणसाची गोळी असते साडेसात किंवा १५ मिलिग्रॅमची. तिचा अर्धा मिलिग्रॅमचा कण सुरीने कसा कापणार? म्हणूनच कुत्र्यांसाठी हे औषध पातळ स्वरूपात, मोजण्याच्या पिचकारीसह मिळते. कार्प्रोफेन, फिरोकॉक्सिब, रोबेनाकॉक्सिब अशी कुत्र्यांसाठी पारखून घेतलेली औषधेही आज उपलब्ध आहेत. तेव्हा माझे म्हणणे कुत्र्याला वेदनेत तसाच ठेवावा असे मुळीच नाही. त्याची वेदना थांबवलीच पाहिजे. पण त्याच्या जातीच्या औषधाने.

गोळीखेरीज इतर वाटांनीही हे विष घरात फिरते, तिकडेही लक्ष वेधतो. पुष्कळ गोळ्यांत एकाहून अधिक औषधे असतात. इब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र असतात. सर्दीच्या गोळ्यांत वेदनाशामकासोबत नाक मोकळे करणारे औषध किंवा कॅफीन असते, आणि ही दोन्ही द्रव्ये कुत्र्याच्या हृदयाला व मज्जासंस्थेला घातक आहेत. काही गोड पातळ औषधांत झायलिटॉल नावाची साखरेऐवजीची गोडी घातलेली असते. तिने कुत्र्याच्या रक्तातील साखर एकाएकी उतरते. आणखी एक गोष्ट आपल्या लक्षात येत नाही. आपण रात्री गुडघ्याला डायक्लोफेनॅकचे मलम चोळतो आणि पायाशी बसलेला कुत्रा प्रेमाने तोच गुडघा चाटतो. अमेरिकेतील औषध-प्रशासनाने २०१५ साली फ्लर्बिप्रोफेन या अशाच वेदनाशामकाच्या मलमाबाबत इशारा दिला होता, कारण मालकांनी स्वतःच्या अंगाला लावलेल्या त्या मलमामुळे घरातील मांजरे आजारी पडून दगावली होती. मलम लावल्यावर तो भाग झाकावा, हात धुवावेत, आणि मलमाची नळी जनावराच्या तोंडी लागणार नाही अशी ठेवावी.

डायक्लोफेनॅकचे नाव निघाले म्हणून क्षणभर कुत्र्याला सोडून आकाशाकडे पाहू. आपल्यापैकी जे माझ्या वयाचे आहेत त्यांनी लहानपणी गावाबाहेर मेलेल्या जनावराभोवती गिधाडांचे थवे पाहिले असतील. आज ती कुठे आहेत? १९९० नंतरच्या दशकात राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांना गिधाडे झपाट्याने कमी होत असल्याचे दिसून आले. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातील संख्या १९९२ ते २००७ या काळात हजारात एक उरली, इतकी घसरली. कारण काय ते पाकिस्तानात झालेल्या संशोधनातून २००४ साली पुढे आले. माणसाच्या सांधेदुखीवरचे डायक्लोफेनॅक हे औषध स्वस्त झाल्यावर गाई-म्हशींना सर्रास टोचले जाऊ लागले होते. गाईला त्याने बरे वाटे. पण असे औषध घेतलेली गाय लवकरच मेली आणि तिचे मांस गिधाडाने खाल्ले, की त्याची मूत्रपिंडे निकामी होऊन ते काही दिवसांत मरे. माणसाला गुणकारी, गाईला चालण्यासारखे, गिधाडाला काळ. एकच द्रव्य, तीन जीव, तीन परिणाम. आपल्या सरकारने २००६ साली पशूंसाठी डायक्लोफेनॅक बनवण्यास मनाई केली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोहोचतच राहिल्या, म्हणून २०१५ साली माणसांसाठीची कुपी ३ मिलिलिटरहून मोठी असू नये असा निर्बंध आला. २०२३ साली केटोप्रोफेन आणि ॲसेक्लोफेनॅक ही आणखी दोन औषधे पशूंसाठी बंद झाली. गिधाडांना निर्धोक असे जे औषध संशोधनातून सापडले ते मेलॉक्सिकॅम. त्या कामात बरेलीजवळच्या इज्जतनगर येथील भारतीय पशुचिकित्सा अनुसंधान संस्थेचा वाटा होता. या संस्थेचा आरंभ १८८९ साली आपल्या पुण्यात झाला होता, हे सांगताना मला थोडा अभिमान वाटतो.

एका घरातल्या पॉमेरेनियनची हकीकत आणि उपखंडातल्या गिधाडांची हकीकत यांत अंतर केवळ आकाराचे आहे. मूळ एकच: एकाचे औषध दुसऱ्याला, न विचारता.

ही शिकवण नवी आहे असेही नाही. गिरनारच्या शिळेवर सम्राट अशोकाचा दुसरा लेख आहे. त्यात आपण दोन चिकित्सांची व्यवस्था केल्याचे अशोक सांगतो: एक मनुष्यांची, एक पशूंची. आणि पुढे औषधी वनस्पतींचा उल्लेख करतानाही तो मनुष्यांना उपयोगी आणि पशूंना उपयोगी अशा दोन्ही वनस्पती आणवल्या व लावल्या असे वेगवेगळे सांगतो. बावीसशे वर्षांपूर्वीच्या राजशासनात 'औषधे' असा एकच मोघम शब्द घालून काम भागवलेले नाही, याचे एक सरकारी नोकर म्हणून मला फार कौतुक वाटते. आपल्या प्राचीनांनी शालिहोत्राच्या नावाने अश्ववैद्यक वेगळे मांडले. पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद तर केवळ हत्तींच्या आजारांवरचा प्रचंड ग्रंथ आहे, आणि तो पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९४ साली छापून प्रसिद्ध केला. घोड्याचे शास्त्र वेगळे, हत्तीचे वेगळे, माणसाचे वेगळे. आजचा कायदाही हा भेद जाणतो, पण एकाच बाजूने. पशूंच्या औषधावर पाळीव जनावराच्या मस्तकाचे चिन्ह आणि 'माणसांच्या उपयोगासाठी नाही' असा इशारा छापावा लागतो. माणसांच्या गोळ्यांच्या पाकिटावर मात्र 'हे कुत्र्यामांजरांना देऊ नये' असे सहसा छापलेले नसते. तो इशारा आपल्या मनातच छापून ठेवला पाहिजे.

आता व्यवहाराकडे वळतो. कुत्र्याला दुखते आहे हे ओळखावे कसे? तो क्वचितच विव्हळतो. तो जिना टाळतो, पलंगावर उडी घेईनासा होतो, एकच सांधा पुनःपुन्हा चाटतो, रात्री जागा बदलत राहतो, विनाकारण धापा टाकतो, हात लावला की एरव्ही न गुरगुरणारा गुरगुरतो. 'आता म्हातारा झाला' एवढे म्हणून या खुणा सोडून देऊ नयेत. आणि प्रत्येक लंगडणे सांध्याचेच असते असेही समजू नये. आपल्या देशात गोचिडांमुळे होणारा ताप कुत्र्यांत फार आढळतो. त्यातही कुत्रा लंगडतो, मलूल होतो. पण त्याच्या रक्तातील गोठण्यास मदत करणाऱ्या पेशी कमी झालेल्या असतात. अशा कुत्र्याला ॲस्पिरिन देणे म्हणजे आधीच पाझरू पाहणाऱ्या रक्ताला वाट करून देणे होय. निदान आधी, औषध नंतर, हा क्रम म्हणूनच मोडू नये.

पशुवैद्य रात्री भेटत नाहीत, रविवारी भेटत नाहीत, लहान गावी तर मुळीच भेटत नाहीत, ही अडचण मला ठाऊक आहे. अशा वेळी गोळीवाचून बरेच करता येते. कुत्र्याला विश्रांती द्यावी, जिना बंद करावा, जाड गोधडीचे अंथरूण गार फरशीपासून उचलून ठेवावे. गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय घसरतात, तिथे सतरंजी वा चटई पसरावी. वजन वाढलेल्या कुत्र्याचे वजन हळूहळू उतरवणे हा तर सांधेदुखीवरचा मोठा उपचार आहे. आपल्या ताटातली तूप-पोळी त्याच्या गुडघ्यांवर जाऊन बसते. आणि सकाळ होताच, शक्य तर त्याआधी दूरध्वनीवरून, पशुवैद्यांना गाठावे. आपण त्याला याआधी काय काय दिले आहे ते न लपवता सांगावे. हे फार महत्त्वाचे आहे. पोटात एक वेदनाशामक असताना दुसरे दिले, किंवा स्टेरॉइड चालू असताना वेदनाशामक दिले, तर जठराला व्रण होण्याचा धोका वाढतो. संकोचापोटी गप्प राहिलेला मालक डॉक्टरांचेही हात बांधून ठेवतो. मागच्या वर्षी थोरल्या कुत्र्याला आणलेले औषध उरले म्हणून धाकट्याला देणे, हेही त्याच जातीचे साहस होय.

गोळी दिली गेलीच असेल, किंवा कुत्र्याने पाकीटच फोडून खाल्ले असेल, तर लक्षणे दिसण्याची वाट पाहू नये. लक्षणे दिसतात तेव्हा आतले नुकसान बरेच झालेले असते. रिकामे पाकीट बरोबर घ्यावे, किती गोळ्या कमी आहेत त्या मोजाव्यात, अंदाजे वेळ आणि कुत्र्याचे वजन कागदावर लिहून घ्यावे आणि तडक निघावे. घरच्या घरी मिठाचे पाणी पाजून ओकारी काढण्याचा प्रयत्न करू नये. त्या मिठानेच आणखी एक विषबाधा होऊ शकते. वेळेवर पोहोचल्यास पशुवैद्यांना पुष्कळ करता येते. पॅरासिटामॉलवर तर ॲसिटिलसिस्टीन हा उताराही आहे, पण तो जितका लवकर द्यावा तितका उपयोगी. फाइलीवर 'तातडीचे' असा शेरा आपण पुष्कळदा विनाकारण मारतो. तो खऱ्या अर्थाने मारायची जागा ही आहे. आणि घरात एक नियम ठेवावा: औषधांचा डबा वरच्या फळीवर, झाकण लावलेला. कुत्र्याच्या दातांपुढे गोळ्यांचे पाकीट म्हणजे काहीच नव्हे.

मित्रहो, कुत्र्याविषयीची माया आपल्याला कोणी शिकवण्याची आवश्यकता नाही. दत्तात्रेयांच्या पायांशी चार श्वान आहेत, खंडोबासोबत कुत्रा आहे. स्वर्गाच्या दारात कुत्र्याला सोडून आत जाण्यास नकार देणारा युधिष्ठिर आपल्या आजीने आपल्याला सांगितला आहे. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे, ती कोरडी लागू नये म्हणून तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव महाराज आपल्या रक्तात आहेत. ही माया आपण परप्रांतात आलो तेव्हा ट्रंकेत बांधून आणावी लागली नाही. ती बरोबरच आली. परंतु माया ही विचारून चालणारी असली पाहिजे. जो स्वतःचे दुखणे सांगू शकत नाही आणि आपल्या हातून मिळेल ते विश्वासाने गिळतो, त्याच्या बाबतीत आपल्यावर दुप्पट जबाबदारी येते. माणूस गोळी हातात घेऊन विचारतो, 'ही कशाची?' कुत्रा विचारीत नाही. तो प्रश्न त्याच्या वतीने आपण विचारावयाचा आहे.

 आज घरी गेल्यावर प्रत्येकाने आपला औषधांचा डबा एकदा उघडून पाहावा आणि त्यातल्या गोळ्यांवरची नावे वाचावीत, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.